सलोमीची प्रतिज्ञा आणि माझं पत्रक

हे मी आजवर कुणाजवळच बोललेलं नाही. घरी नाही, चर्चमध्ये नाही, आणि ज्या गटासोबत मी गावोगाव पत्रकं वाटत फिरते, त्यांच्याजवळ तर मुळीच नाही. पत्रकात सगळं ठणकावून सांगायची सवय आहे मला — 'जाहीर सवाल', 'जवाब द्या', खाली जाड ठसा. ही गोष्ट तशी लिहायला बसले की पेन अडतं. म्हणून तुमच्याशी बोलल्यासारखी लिहिते आहे.

आमचं पत्रक एकाच प्रश्नावर आहे. शाळेत रोज सकाळी हात समोर करून प्रतिज्ञा म्हणतात, ती ख्रिस्ती मुलांनी म्हणावी का? मी म्हणत आले. आमच्या चर्चमधले बहुतेक सगळे म्हणतात — देश आपला, त्यात देवाला राग येण्यासारखं काय आहे? पण आमच्यातच लहान-लहान प्रार्थनामंडळ्या आहेत, त्यांचं म्हणणं वेगळं. माणसानं शपथ वाहूच नये, कशाचीच नाही. देशावर प्रेम करा, देशासाठी प्रार्थना करा, पण शपथ नको. आता प्रतिज्ञा म्हणजे शपथ, की नुसतं वचन? मी पास्टरांना विचारलं, एका वकिलांना विचारलं. दोघांनी मिळून तीन उत्तरं दिली. मला हा प्रश्न सुटलेला नाही. आणि खरं सांगू? तो चघळत बसायला मला आवडतं. पत्रकात मी एवढंच मांडलंय की ज्याला म्हणायची नाही त्याला गप्प उभं राहू द्या. विवेकाचं स्वातंत्र्य संविधानानंच दिलेलं आहे.

आणि पुरावा म्हणून एका मुलीची गोष्ट दिलीय. 'एका निष्पाप विद्यार्थिनीला नाटकी ठरवून माईकसमोर उभं करणाऱ्या हुकूमशहा शिक्षकाचा आम्ही जाहीर निषेध करतो!' हे वाक्य माझं. लोक नेमके तिथंच मान हलवतात.

ती मुलगी सलोमी. सिंदी मेघेतल्या आमच्या शाळेत, नववीत, माझ्याच वर्गात. वर्गात ख्रिस्ती आम्ही दोघीच. परिपाठात माईकवर प्रतिज्ञा मी सांगायची — एक ओळ मी, मागून सगळी शाळा. आवाज खणखणीत होता ना माझा! आणि सलोमी तिसऱ्या रांगेत, हात खाली, ओठ बंद. माईकवरून मला ती बरोबर दिसायची. सगळ्यांचे हात पुढे, आणि त्या रांगेत एका हाताएवढी फट. मी ओळी म्हणता म्हणता त्या फटीकडे बघायचे. ही आतल्या आत काय म्हणत असेल? काहीच नसेल म्हणत?

पोरी टोमणे मारायच्या. "ए, तुमी दोघी कोनत्या देशाच्या वो?" दोघी! मी रोज माईकवर ओरडायचे, तरी दोघी.

एक दिवस परिपाठ संपल्या संपल्या सरांनी मला थांबवलं. आमचे वर्गशिक्षक. कपाळाला आठ्या, आवाज मात्र हळू.

"काऊन वो बाई, तुमच्यात असं असते का? प्रतिज्ञा नाई म्हनत? मले काई मालूम नाई तुमच्यातलं. असन त सांग, मी हेडसरले समजावून देतो, राहीन पोरगी उभी चुपचाप. पन नुसते नखरे असन त मंग माझ्या हातात काई नाई."

तुम्हीच बघा — हुकूमशहा असा बोलतो? त्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो तिच्यासाठी वाट शोधत होता.

आणि मला माहीत होतं. नुसतं ऐकून नव्हे. माझी आई लग्नाआधी तसल्याच एका मंडळीतली. पंधरा ऑगस्टला ती शाळेत यायची, झेंडा वर जाताना तिचे डोळे भरायचे, राष्ट्रगीताला ताठ उभी राहायची — आणि प्रतिज्ञा सुरू झाली की ओठ मिटून घ्यायची. मी एकदा विचारलंही होतं, काऊन वो आई? ती म्हणाली होती, "देशावर राग नाई गं. मले शपथ घेता येत नाई, बस."

सरांना मी म्हणाले, "नाई सर. आमच्यात असं काईच नसते. ते नाटक करून राह्यली."

हेच ते. एवढंच, आणि एवढं.

भ्याले होते का? त्या 'दोघी'तून मला सुटायचं होतं का? असेल. पण भ्यालेला माणूस गप्प बसतो. मी तर वरून 'नाटक' हा शब्द जोडला. तो कुणी मागितला नव्हता. आणि दहा मिनिटांपूर्वीच देशबांधवांशी निष्ठा राखायचं मी अख्ख्या शाळेकडून म्हणवून घेतलं होतं. मग सलोमी कोण होती माझी?

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी तिला पुढं बोलावलं. आज प्रतिज्ञा तू सांगायची. तिच्या उंचीला माईक खाली करून दिला, तो मीच. ती हात खालीच ठेवून माईकजवळ आली. मग म्हणाली, "मले देश आवडते सर. शपथ नाई घेता येत." जवळजवळ आईचंच वाक्य. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. मागच्या रांगा हसल्या. आठवडाभरात तिचे वडील येऊन टीसी घेऊन गेले.

मागच्या महिन्यात आम्ही जाम गावात पत्रकं वाटत होतो. चौकात गर्दी, पत्रकं संपली. शेवटची प्रत घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात शिरले — आणि मशीनपाशी सलोमी. तिनं मला ओळखलं, हसली, कागद घेतला. काचेवर ठेवण्याआधी उभ्याउभ्या वाचला.

"हे माझं आहे ना?"

मी मान हलवली.

"सर तसे नवते पन," ती म्हणाली. "जातानी मले म्हने, तुमच्यातल्याच एकीले विचारलं बाई, तिनं नाई म्हटलं. माझा इलाजच नाई राह्यला."

वर्गात आम्ही दोघीच होतो, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. सरांनी विचारताना बघितलं होतं ना, तसं — फक्त कळावं म्हणून. मग तिनं कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं.

"किती काढू?"

पेन माझ्या पर्समध्ये होतं. ते वाक्य खोडायला एक रेघ पुरली असती.

मी म्हणाले, "पन्नास."

तिनं पन्नास काढले, काउंटरवर ठोकून कडा सारख्या केल्या आणि माझ्या हातात दिले. ते पन्नासही मी त्याच दुपारी चौकात वाटले.