पाणी न प्यालेली नाव

सांधेकाकांचं खरं नाव मतदारयादीत असेल तेवढंच. तळ्याकाठच्या वस्तीत त्यांना सगळे सांधेकाकाच म्हणायचे, कारण नावेच्या दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची दोरी ठोकून भरायची आणि वरून गरम डांबर ओतायचं, हे काम त्यांच्याइतकं नेटकं कुणाला जमत नव्हतं. गुडघे धरून ओट्यावर बसलेल्या बायका त्यांना जाता-येता छेडायच्या, "काका, नावांचे सांधे भरता, जरा आमचेही भरा की!"

"भरतो," काका म्हणायचे, "पण आधी दोन दिवस पाण्यात बसावं लागेल, आहे तयारी?"

थट्टा सोडा, पण नियम खरा होता. काठावर महिनाभर उन्हात पडलेल्या नावेचं लाकूड आकसतं. ती दुरुस्त झाली की उथळ पाण्यात दगड भरून दोन दिवस बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि भरलेली फट आवळून घेतं. वस्तीत याला नावेला पाणी पाजणं म्हणतात. पाणी न प्यालेली नाव वरून कितीही चकचकीत दिसो, तिच्यात माणूस बसवायचा नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि सांधेकाकांनी आयुष्यात एकदाच, एकोणीस वर्षांचे असताना, नेमकं हेच केलं नव्हतं.

तेव्हा मामा आजारी होता. मामाच्या हाताखाली काका चार वर्षं शिकले होते. पलीकडच्या काठाला माणसं नेणारी मोठी नाव पहिल्यांदाच त्यांच्या एकट्याच्या हाती आली. सांधे झकास भरले. पण मिसरूड फुटलेलं पोर ते! दोन दिवस मित्रांबरोबर भटकण्यात गेले आणि नाव पाण्यात गेली ती बाजाराच्या आदल्या संध्याकाळी. सकाळी नावाड्याने विचारलं, "झालं का रे पाणी पाजून?" पोराने मान हलवली. "दोन दिवस झाले की."

तळ्याच्या मध्यावर नाव बुडाली. नऊ माणसं गेली, त्यांत नावाडीही. वाचलेले तिघे पलीकडच्या काठाचे. ते पुन्हा इकडे फिरकले नाहीत. चौकशीला आलेल्या साहेबाने 'जादा माणसं' एवढ्या दोन शब्दांत प्रकरण गुंडाळलं. लोकांनाही ते पटलं, कारण मेलेला माणूस उलट बोलत नाही. मग दर वर्षी बोलण्याच्या ओघात नावेत आणखी दोन माणसं चढू लागली. सव्वीस, अठ्ठावीस, तीस. काही बेरकी म्हाताऱ्यांनी तर एक म्हैससुद्धा बसवली.

सांधेकाका तोंडाला कुलूप लावून बसले. आधी मामाची भीती, मग लग्न, मग मुलं. सांगायला योग्य दिवस कधी उजाडलाच नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो उजाडू दिला नाही. भित्रेपणाला माणूस किती सुंदर सुंदर नावं देतो! पण नावाड्याच्या घरावरून जायची वेळ आली, की ते लांबच्या गल्लीने वळसा घालायचे. चाळीस वर्षांत त्या वळशाने त्यांच्या चपला किती झिजल्या, ते चांभारालाच ठाऊक.

मग एका वर्षी तळं कधी नव्हे इतकं आटलं आणि मधल्या चिखलातून ती बुडालेली नाव वर आली. वस्तीचा इतिहास लिहायला बसलेल्या निवृत्त मास्तरांना तर हर्षवायूच झाला. जुन्या गोदामात त्यांनी एक खोली मिळवली होती. तिथे नाव ठेवायची, शेजारी पाटी लावायची, असा बेत ठरला. त्यांनी काकांना बोलावून घेतलं.

"तुमच्याइतकं कुणाला कळणार? जरा बघून सांगा."

काका वाकून आत शिरले. खालच्या तिसऱ्या फळीपाशी दोरीचा हातभर तुकडा सांध्यातून सुटून आत लोंबत होता. पाण्याने बाहेरून ढकलून आत घातलेला. बाकीच्यांना ती चिंधी वाटली असती. काकांनी मात्र ती ओळखली: फुगलेल्या लाकडाने आवळलेली दोरी अशी सुटत नाही.

मास्तर हौसेने पाटीचा मजकूर वाचून दाखवत होते. "नावाड्याने हव्यासापोटी तीस माणसं भरल्यामुळे..."

"मास्तर, हे आज रंगवू नका," काका म्हणाले.

"का हो? काही चुकलं?"

"उद्या सांगतो."

ते तडक नावाड्याच्या घराकडे निघाले, या वेळी सरळ रस्त्याने. नावाड्याची मुलगी पन्नाशीची होती. पुढच्या खोलीत ती शिवणकाम करायची. भिंतीला टेकून कापडांचे गठ्ठे, मशीनवर अर्धवट शिवलेला परकर. काकांना दारात पाहून तिने पायडल थांबवलं.

"बसा, दादा."

काका बसले नाहीत. बसलो तर बोलणं होणार नाही, एवढं ते स्वतःला ओळखून होते. "ताई, त्या नावेला मी पाणी पाजलं नव्हतं. एकच रात्र ठेवली होती. तुमच्या बाबांना मी खोटं सांगितलं. माणसं जादा नव्हती. चूक माझी होती."

एका दमात झालं. आता ती ओरडेल, कात्री फेकून मारेल, गल्ली गोळा करेल. त्या सगळ्याची त्यांनी तयारी केली होती.

तिने परकर घडी करून बाजूला ठेवला.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"लाकडाला हात लावल्यावर नावाड्याला कळत नाही होय? न्याहारीला घरी आले तेव्हा आईला म्हणाले, पोराने घाई केलीय. बोललो तर मामा त्याला हाकलून देईल, पहिलंच काम आहे त्याचं. म्हणाले, आज निम्मीच माणसं घेतो, सावकाश नेतो. अकरा माणसं घेतली त्यांनी, दादा. अकरा. एरवी चोवीस बसायची."

"मग तुमच्या आईने... इतकी वर्षं लोक काय काय बोलले... त्यांनी सांगितलं का नाही कुणाला?"

"मीही भांडायचे तिच्याशी. ती म्हणायची, त्यांनी ज्याला सांभाळलं त्याला मी उघडं पाडू? तो पोरगा वाईट नाही, आज ना उद्या स्वतः येऊन सांगेल." तिने परकराची घडी पुन्हा उलगडली. "गेल्या वर्षी गेली. शेवटचे दोन दिवस माणसं ओळखत नव्हती. बाहेर कुणाची चाहूल लागली, की विचारायची, तोच आला का गं?"