वीसपैकी एक

हवामान कचेरीत तिला पाठीमागे ‘लांडगाबाई’ म्हणत. एका महिन्यात तिने तीनदा सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा दिला आणि तिन्ही वेळा दोरीवरचा कपडासुद्धा हलला नाही. ती हसून सोडून देई. बावीस वर्षांच्या नोकरीत चेष्टा अंगवळणी पडली होती.

एका दुपारी ती संगणकाचे निकाल बघत होती. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तो त्याच दुपारचं गणित वीस वेळा मांडी. ढगाखालची हवा कोरडी असली की पाऊस वाटेतच सुकतो, हवा गार आणि जड होऊन धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाच-दहा मिनिटांचा खेळ, पण होत्याचं नव्हतं करणारा. एकोणीस निकालांत साधी सर होती. विसाव्यात चारच्या सुमारास, बंदरावर, ताशी एकशे दहा किलोमीटरचा वारा.

बंदरावर तिचे भावोजी क्रेन चालवत. तिने फोन उचललासुद्धा.

“परत लांडगा?” साहेब जाता जाता म्हणाले. दोघेतिघे हसले. तिने फोन खाली ठेवला.

चार वाजून दहा मिनिटांनी वाऱ्याने क्रेन रुळांवरून ढकलत नेली आणि धक्क्याच्या टोकाला आडवी केली. भावोजींचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

अहवाल तिनेच लिहिला. ‘वारा अनपेक्षित होता.’ विसाव्या निकालाबद्दल अवाक्षर नाही. साहेबांनी सही केली, कोणी काही विचारलं नाही. तिला मात्र अन्न गोड लागेना. ताई दवाखान्यात तिच्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणे, “तुम्हा हवामानवाल्यांनासुद्धा कळलं नाही, मग दोष कुणाला द्यायचा?” ती गप्प राही. ते गप्प राहणं तिला खोटं बोलण्याहून जड जाई.

दोन महिने तिने कसेबसे काढले. मग एका रविवारी ताईच्या स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता, तिने सगळं सांगितलं. ताईचा हात थांबला. ती एवढंच म्हणाली, “मला काय सांगतेस? आत जाऊन त्यांना सांग.”

भावोजी पलंगावर बसून होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तू फोन केला असतास तर मी उतरलो असतो का, देव जाणे,” ते म्हणाले. “विसात एक म्हटल्यावर कदाचित हसलोही असतो. पण ते मी ठरवलं असतं. माझ्या वतीने तू ठरवलंस.”



दुसऱ्या दिवशी तिने अहवाल दुरुस्त करण्यासाठी अर्ज दिला. साहेब चिडले, “आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?” तिने अर्ज मागे घेतला नाही. चौकशी झाली, ठपका आला, वर्षभर तिला इशाऱ्यांच्या कामावरून काढलं. पण नियम बदलला. आता एकाच निकालात असा वारा दिसला तरी बंदरावर फोन जातो. खाली उतरायचं की नाही, ते क्रेनवाले ठरवतात. बहुतेक फोन फुकट जातात आणि पलीकडून शिव्या येतात.

भावोजी आता बंदराच्या कचेरीत बसतात आणि तिच्याशी पूर्वीसारखंच बोलतात. ताई बोलते, पण कामापुरतं. ती त्याची तक्रार करत नाही. दर रविवारी जाते, भाजी निवडून देते आणि घरी येते.