विकून न संपलेला भोपळा

भोपळ्याला फोडणी बसल्याचा वास आला, की मला लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचा दुष्काळ आणि दिवाळीच्या सुट्टीतला आमच्या चर्चचा कापणीचा सण आठवतो. दरवर्षी वेदीपुढं पोत्यांची रास लागायची. त्या साली तिथं एकटा आमचा भोपळा होता. आईनं भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढवलेला, एवढा थोरला की दोघांनी उचलला आणि तिसऱ्यानं प्रार्थना केली! उपासनेनंतर या अर्पणांचा लिलाव असायचा. ‘कुणी बोलीच लावली न्हाई तर लाज जाईल माझी,’ आई पुटपुटली. पैसा कुणाकडंच नव्हता, म्हणून पाळकांनी बोली चर्चच्या हौदात ओतायच्या पाण्याच्या घागरींवर लावली. एका म्हाताऱ्यानं दोन घागरींना भोपळा घेतला आणि रिवाजानं पुन्हा लिलावासाठी देवाला परत दिला. पुढच्यानंही तेच केलं. चाळीसदा, बरं, पंधरादा तरी विकला गेला. हौद भरला, पण भोपळा हलेना. ‘आता कुणी घरी न्या की!’ पाळक कावले. ‘देवाचा हाय, पाळकसाहेब, कसा न्यावा?’ मंडळी म्हणाली. शेवटी आईच ओरडली, ‘पाच घागरी! अन् मी परत देणार न्हाई, इथंच शिजवणार!’ अख्खी मंडळी पोटभर जेवली. आमेन म्हणताना मला मोठा ढेकर आला; तो मी आजही उपकारस्तुतीतच धरतो.