ताईसाठी वाढवलेला वेग

जिन्याखालच्या अरुंद दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे 'दमानं' म्हणत. गिऱ्हाईक धापा टाकत यायचं, सगळं उडालं हो, चालूच होत नाही, म्हणून डोकं धरून बसायचं. हा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणायचा, "दमानं घ्या, दमानं." लग्नाचं विचारलं तरी तेच उत्तर. "दमानं घेता घेता पन्नाशी उलटली आमच्या धाकट्याची," असं त्याची ताईच हसत हसत सांगायची.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटी राहायची. एका फोटो स्टुडिओसाठी ती जुने फोटो दुरुस्त करून द्यायची. फाटलेले, वाळवी लागलेले, काचेला चिकटून सोललेले फोटो स्कॅन होऊन तिच्याकडे यायचे आणि ती कॉम्प्युटरवर बारीक ब्रशनं कुणाचा गाल, कुणाचा कान, कुणाच्या मांडीवरच्या तान्ह्या बाळाची मूठ परत भरून द्यायची. माणसं फोटो बघून स्टुडिओतच रडायला लागत. स्टुडिओवाला सांगायचा, "बाईंचा हात म्हणजे काय विचारता!"

तिच्याकडे स्वतःच्या आईचाही एक फोटो होता. एकुलता एक. भिंतीत ओल मुरून त्यातली चेहऱ्याची डावी बाजू पार गेली होती. डावा डोळा, गाल, निम्मं तोंड, सगळं पांढरं. दमानं दरवर्षी आठवण करून द्यायचा आणि ताई म्हणायची, "गिऱ्हाइकांच्या आया घाईत असतात रे. आपली कुठे पळून चाललीय?"

मग एका सकाळी तिला दाराची चौकट वाकडी दिसली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजतोय. इंजेक्शनं घेतली तर वेग कमी होईल, थांबणार नाही. कडेकडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे बघाल तेच नेमकं दिसणार नाही.

ताईनं घरी येऊन चहा टाकला आणि म्हणाली, "आता आईचं काम हाती घेऊ या."

तिनं पडद्यावर सगळं मोठं करून दाखवणारा प्रोग्राम लावून घेतला. पण कॉम्प्युटर होता बारा वर्षांचा. एवढा मोठा फोटो, त्यात हा प्रोग्राम, त्याला ओझं झेपेना. ताई ब्रश फिरवायची आणि रेघ उमटायची सेकंदभरानं. तेवढ्यात तिची नजर डोळ्यांपुढच्या डागात हरवायची. आपण कुठे होतो तेच तिला कळेना. एकदा तिनं माउस आपटला. चाळीस वर्षांत कुणावर आवाज न चढवलेली बाई ती.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा प्रश्नच नव्हता. दोघांचं मिळून होतं नव्हतं ते इंजेक्शनांत जात होतं. दमानंनं विचार केला आणि म्हणाला, "आहे त्याचाच वेग वाढवतो."

"म्हणजे?"

"कारखान्यातून प्रोसेसर ठरावीक वेगाला बांधून पाठवतात. तुझ्या मदरबोर्डवर तो सोडवता येतो. पण घाई केली तर तापून मरेल."

"मग तू आहेस ना," ताई म्हणाली. "तुझ्या हातून घाई झाली तर मी पेढे वाटीन."

आधी त्यानं तिचं सगळं काम दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग कॉम्प्युटर उघडला. आतल्या पंख्यावर गोधडीसारखी धूळ बसली होती. ती काढली. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी जुनी पेस्ट वाळून पापुद्रा झाली होती, ती पुसून नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. भंगारात निघालेल्या एका मशीनचा प्रोसेसरला वारा घालणारा मोठा कूलर दुकानात पडून होता, तो घासूनपुसून बसवला. पॉवर सप्लाय मात्र त्यानं जुना ठेवला नाही. "इथं काटकसर नाही. हा गेला तर बाकीचं घेऊन जातो," म्हणत स्वतःच्या कॉम्प्युटरचा चांगला सप्लाय काढून इकडे लावला.

नुसत्या साफसफाईनंच पंच्याऐंशीवर जाणारं तापमान साठावर आलं. मग त्यानं वेग एक पायरी वाढवला आणि प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी तासभर चालवली. दुसऱ्या दिवशी आणखी एक पायरी. हे सगळं तो भर दुपारी करायचा, खिडकीतून ऊन थेट टेबलावर यायचं तेव्हा. "गारव्यात पास झालेलं मशीन उन्हात दगा देतं," तो ताईला सांगायचा. ताई कॉटवर आडवी पडून विचारायची, "किती झाला ताप?" आणि तो आकडा वाचायचा. व्होल्टेज त्यानं एकदाच वाढवलं, तेही केसभर. पंचाहत्तर अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे त्यानं आधीच ठरवलं होतं.

पाचव्या पायरीला पडदा काळा झाला. ताई ताडकन उठून बसली. "गेला?"

"दमानं," तो म्हणाला. त्यानं वायर काढली, बोर्डावरची छोटी बॅटरी काढून थोड्या वेळानं परत बसवली. मशीन वाढवलेला वेग विसरून मूळ वेगानं उठलं. काही बिघडलं नव्हतं. त्यानं पाचवीचा नाद सोडला, चौथीवरूनही खाली आला आणि तिसऱ्या पायरीवर कायम केलं.

ताईनं ब्रश फिरवला. रेघ हाताबरोबर आली. तिनं परत फिरवला. "अगंबाई!" एवढंच म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

पुढचे पाच महिने ती रोज सकाळच्या उजेडात काम करायची. मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. तो दुकान बंद करून यायचा, तापमान बघायचा, पंखा पुसायचा. फोटो मात्र ती बघू द्यायची नाही. "पूर्ण झाल्यावर." अधूनमधून म्हणायची, "आज आईचा डोळा झाला," आणि दिवसभर खुशीत असायची.

एका रविवारी तिनं त्याला खुर्चीत बसवलं. "बघ."

काम अप्रतिम होतं. कुठे जोड दिसत नव्हता. कातडीचा पोत, सावली, सगळं जिथल्या तिथं. पण ती आई नव्हती. आईची डावी पापणी जरा खाली असायची. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, त्यामुळे ओठ डावीकडे किंचित उचललेला असायचा. शेवटच्या आजारपणात त्याच तोंडात दमानंनं आठ महिने चमच्यानं पेज घातली होती. इथलं तोंड सरळ होतं, मिटलेलं, नीटस. ते ताईचं तोंड होतं.

"काय रे? बोल की."

"दमानं बघू दे ना," तो म्हणाला.

"जमलंय?"

"आई आहे," तो म्हणाला. "आईच आहे ताई."

"ओठ?"

"ओठसुद्धा."

ताईनं हातानं चाचपत त्याचं डोकं शोधलं आणि छातीशी धरलं. मग दोघंही रडली. तिला वाटलं, दोघं एकाच गोष्टीसाठी रडतोय.

त्यानं फोटो मोठा छापून आणला आणि तिच्या कॉटसमोरच्या भिंतीवर लावला. थोड्याच दिवसांत तिला पडदाही दिसेनासा झाला. कॉम्प्युटरवर कापड पडलं. आल्यागेल्याला ती फोटो दाखवायची. "ही आमची आई. मी केलाय." लोक वा वा करायचे.

दीडएक वर्षानं डबा द्यायला नवी बाई येऊ लागली. पहिल्याच दिवशी डबा ठेवता ठेवता तिची नजर भिंतीवर गेली. "किती गोड फोटो! तुमचा तरुणपणीचा ना? तोंडावरून लगेच कळतं."

दमानं दारातच चप्पल काढत होता.

ताईनं मान भिंतीकडे वळवली. "हो," ती म्हणाली. "माझाच."

बाई गेली. मग ताई म्हणाली, "धाकट्या, तू आलायस ना? चपलेचा आवाज आला मला."

"आलोय."

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुला?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? तेव्हा थोडं दिसत होतं रे. पुसून परत केलं असतं."

तिला सुख द्यायला म्हणून तो खोटं बोलला होता आणि तिच्या हातात उरलेले थोडे दिवस त्यानं आपल्या हातानं घालवले होते. तो कॉटच्या कडेला बसला. "चुकलो ताई," म्हणाला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं, सांग मला. कशी होती तिची बाजू? तू शेवटपर्यंत जवळ होतास. मी नव्हते."

त्यानं सांगायला सुरुवात केली. पापणी खाली असायची. दात एकावर एक होता. आणि ओठ... तो थांबला. त्यानं डोळे मिटले. ओठ उचललेला असायचा, हे शब्द त्याला पाठ होते, पण डोळ्यांपुढे येत होतं ते भिंतीवरचं तोंड. दीड वर्ष रोज येताजाता तो तेच बघत आला होता. आईचं खरं तोंड आठवायला गेला की त्यावर ते येऊन बसत होतं.

"थांबलास का रे?"

"ताई," तो म्हणाला, "मलाही आता दिसत नाही."

ताईचा हात त्याच्या गुडघ्यावर तसाच होता. डब्यातलं जेवण निवत चाललं होतं.

"फोटो उतरवायचा का?" त्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "आल्यागेल्याला रिकामी भिंत काय दाखवायची? राहू दे." थोड्या वेळानं म्हणाली, "वाढ आता. तूही दोन घास खा."

त्यानं दोन ताटल्या घेतल्या आणि वाढायला बसला.