बाबालालचा हातगुण

उचगावात कुणी नवी गाडी घेतली की तिचा पहिला फेरा नृसिंहवाडीला, आणि स्टिअरिंगवर बाबालाल. दत्ताच्या दारी मुसलमान ड्रायव्हर कसा, असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याचा हातगुण चांगला. त्याने काढलेल्या गाडीला ओरखडा उठत नाही, म्हणत.

साठी उलटली आणि त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सून मेहमुदाने ते ओळखलं. भाकरीसाठी तो ताटाबाहेर चाचपडायचा. दारातल्या नातीला, कुलसुमला, ती बोलल्यावरच ओळखायचा. गाडी सोडा म्हटलं तर म्हणे, हयात गेली त्या रस्त्यावर, डोळं मिटून जाईन. तिला नेमकी तीच भीती होती. कुलसुमची शाळा फाट्यापलीकडे होती.

चौऱ्याहत्तर साली गावच्या बड्या बागायतदाराने, गणपतरावांनी, जीप घेतली. मेहमुदा पदर सावरत त्यांच्या दारात गेली, अब्बांना दिसत नाही म्हणून सांगून आली. गणपतराव हसले. "डोळं काय करायचेत पोरी? आम्हाला त्यांचा हात पायजे."

जीप हार घालून निघाली. फाट्यावर बनाबाई दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडत होती. ऊन लख्ख, रस्ता सरळ. जीपमधली माणसं ओरडली तेव्हा कुठे ब्रेक लागला. बनाबाईचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. पंचनाम्यात तीच आडवी आली असं उतरलं.

गावात मात्र एकमत झालं, बाबालालचा हातगुण सरला. डोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. नवी गाडी त्याच्या हाती कुणी देईना. तो दिवसभर कट्ट्यावर बसून राही, आणि मेहमुदाला निदान झोप लागे.

मग उसाचा हंगाम आला. बिद्रीच्या कारखान्याला ऊस नेणारा गणपतरावांचा ट्रक ड्रायव्हरवाचून उभा होता. एका सकाळी ते स्वतःच दारात आले.

"मालक, त्यांना दिसत न्हाय की," मेहमुदा म्हणाली.

"जुन्या गाडीला कशाला लागतोय हातगुण?"

आपल्याला पुन्हा बोलावणं आलं, एवढंच बाबालालने ऐकलं. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. हात किल्लीपासून वीतभर बाजूला गेला. गणपतरावांनी त्याचं मनगट धरलं आणि किल्ली मुठीत ठेवली.

मेहमुदाने कुलसुमच्या खांद्यावरचं दप्तर काढून परत खुंटीला अडकवलं. गल्लीतली बाकीची पोरं शाळेला निघाली होती.