कोपराआडचा चेहरा

घरात मला सगळे संशयी म्हणतात. म्हणोत बापडे! फोटो हातात आला की मी आधी कडेची माणसं बघते, मधलं नंतर. माझं लग्न जुळवायला काढलं तेव्हाची ही सवय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो, बाबा कारखान्यात ऑफिसर. बदलापूरचं एक स्थळ आलं, सोबत मुलाचा फोटो. कोट, टाय, हनुवटी जरा वर, एक हात टेबलावरच्या फोनवर. आई-बाबा जाम खूश. मी मात्र कोटाकडेच बघत बसले. त्याचं एक बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं, पितळी. अहो, हा कोट मी ओळखत होते! नुकताच माझाही फोटो उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या स्टुडिओत काढला होता. तिथे खुंटीला हाच कोट लटकत होता.

"कोट स्टुडिओचा, फोन स्टुडिओचा. यात मुलाचं काय आहे?" मी म्हणाले.

"आणि तुझ्या गळ्यातला मोत्यांचा सर कुणाचा होता गं?" आई म्हणाली. "मोठी आली शहाणी!"

सरही स्टुडिओचाच होता. फोटोवाल्याने "दीदी, थोडा मुस्कुराओ" म्हणून असा पिच्छा पुरवला की शेवटी मी वैतागून दात दाखवले, आणि तोच फोटो घरोघरी फिरत होता. फोटोतल्यासारखी मी नव्हते, मग तो तरी तसा असेल कशावरून? मी हट्टच धरला. पोज न देता काढलेला एखादा फोटो मागवा, मगच पुढचं बोला.

बाबांना फार अवघड वाटलं, पण मागितला त्यांनी. आला. बारवी धरणावरच्या सहलीतला, कुणीतरी नकळत काढलेला. मुलगा हातात कलिंगडाची फोड घेऊन, मान वळवून काहीतरी बोलत होता. दिसत होता झकास, म्हणूनच पाठवला असणार. पाठवणाऱ्यांनी फक्त त्यालाच बघितलं. तो जिकडे वळला होता तिकडे त्याची धाकटी बहीण उभी होती, आणि तिने कोपर वर करून तोंड झाकलं होतं.

"ऊन लागत असेल तिला," आई म्हणाली.

मी फोटो खिडकीपाशी नेला. सगळ्यांच्या सावल्या त्यांच्या पुढ्यात पडल्या होत्या. म्हणजे ऊन पाठीवर होतं. मग ही पोरगी तोंड कशापासून लपवत होती? 

"मस्करी चालली असेल भावाबहिणीची," बाबा म्हणाले. "एका फोटोवरून माणसाला फासावर चढवतेस?"

त्यांचंही चूक नव्हतं. पण हो म्हटलं तर त्या माणसाबरोबर जन्म मला काढायचा होता, त्यांना नाही. भीती वाटत होती मला, सरळ सांगते.

बघण्याचा कार्यक्रम झाला. तो इतका गोड बोलला की मला आणखीच शंका आली. बाबांच्या पाया काय पडला, आईच्या पोह्यांचं कौतुक काय केलं! बहीणही आली होती. रिकाम्या बशा घेऊन ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिथे मी एकटीच होते. मी डब्यामागे ठेवलेला फोटो काढून तिच्यासमोर धरला.

"ऊन होतं का गं?"

तिने फोटोवर एक नजर टाकली. मग तिने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात हळूच म्हणाली, "ताई, नाही म्हणा. पण मी बोलले हे कळू देऊ नका."

मी उंचीचं कारण पुढे करून नकार दिला. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मी सुटले. ती मात्र त्या दिवशी हात पुसून बाहेर गेली, भावाच्या शेजारी बसली, आणि तो उठल्यावर चपला घालून त्याच्या मागोमाग घरी गेली.