दिवे नाही, बॅटरी मीच संपवत होते

मंडळी, आज सकाळी आमच्या गाडीची बॅटरी पुन्हा बसली. शेजारी म्हणाले, "वहिनी, समोरचे जास्तीचे दिवे काढून टाका, तेच बॅटरी खाऊन राहिले."

ते दोन पिवळे दिवे ह्यांनी धुक्यासाठी स्वतः बसवले होते. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. काढायला हात धजेना. गाडीचं पुस्तक वाचलं, पण बाहेरून लावलेल्या दिव्यांबद्दल त्यात काहीच नव्हतं. शेवटी इथल्याच, रायपूरच्या तेलीबांधा भागातल्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

त्याने दुसरी बॅटरी जोडून गाडी सुरू केली, मीटर लावला आणि विचारलं, "दीदी, गाड़ी चलती कितनी है?"

मी सांगितलं, चालत नाही. बॅटरी जिवंत राहावी म्हणून रोज पाच मिनिटं जागेवरच सुरू करते, सगळे दिवे लावते आणि बंद करते.

"फिर बैटरी आप खा रही हो, लाइट नहीं."

उभ्या गाडीचं इंजिन हळू फिरतं, म्हणून अल्टरनेटर वीज कमी बनवतो. गाडी सुरू करताना गेलेलीही भरून निघत नाही, वर दिव्यांचा भार. त्याने ॲक्सिलरेटर दाबला, तसा दिवे लागलेले असूनही मीटरचा आकडा चढला.

"वायरिंग बढ़िया है. निकालना मत, बस गाड़ी चलाओ. आती है ना?"

येते. ह्यांच्या त्या सीटवर जास्त वेळ बसवत नव्हतं, एवढंच.

दुपारी नवा रायपूरपर्यंत जाऊन आले. आता दर रविवारी जायचं आहे. सोबत कोण येतं?